सरदार घराण्यांचा टेबलटॉप खेळ: देण्याघेण्यांच्या पायावर मालिका कशी उभारावी

टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या रोल-प्लेइंग खेळांची, म्हणजे प्रत्येक खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो अशा खेळांची, सुरुवात साधारणपणे १९७४ सालापासून मानली जाते, कारण त्या वर्षी गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध झाला. त्या खेळाचा मूळ साचा असा, की चार-पाच साहसी माणसे एकत्र येतात, धोक्याच्या जागी शिरतात आणि धन व सामर्थ्य मिळवून बाहेर पडतात. सरदार घराण्यांचा खेळ या साच्यात बसत नाही. इथे पात्रांना उठून दुसऱ्या मुलखात निघून जाता येत नाही; जमीन, वाडवडील, सोयरिकी आणि घेतलेल्या शपथा त्यांना एका जागी बांधून ठेवतात, आणि नाट्य त्या बांधलेपणातूनच निर्माण होते. असा खेळ शून्यापासून कसा उभारावा आणि दहा-बारा बैठकांपर्यंत कसा न्यावा, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे. त्यामागे माझे एक ठाम मत आहे: घराणे किती बलाढ्य आहे यावर खेळाची रंगत ठरत नाही, ते कोणाचे काय देणे लागते यावर ठरते. म्हणून पुढच्या जवळजवळ प्रत्येक पायरीवर देणी निर्माण करणे, ती लिहून ठेवणे आणि ती फेडण्याची वेळ आणणे, हाच उद्देश आहे.

साहित्य थोडेच लागते. चार ते सहा खेळाडू, खेळ चालवणारा एक गेम मास्टर (यापुढे त्याला सूत्रधार म्हटले आहे), प्रत्येकासाठी सहा बाजूंचे दोन फासे, नकाशासाठी मोठा कागद आणि पोस्टकार्डाच्या आकाराची चाळीस-पन्नास कोरी कार्डे. बैठक तीन ते चार तासांची धरावी. पहिली बैठक पूर्णपणे तयारीची असते आणि तिच्यात कोणीही पात्र म्हणून बोलत नाही. ही बैठक वगळण्याचा किंवा तिची कामे सूत्रधाराने एकट्याने घरी उरकण्याचा मोह टाळावा, कारण ज्या जगाच्या घडणीत खेळाडूचा हात नाही, त्या जगातल्या गादीसाठी तो जिवाच्या आकांताने भांडत नाही.

किती घराणी आणि कोण कोणाच्या घरात

पहिला निर्णय हा, की सगळे खेळाडू एकाच घराण्यातले असतील की वेगवेगळ्या घराण्यांतले. एकच घराणे घेतले तर सहकार्य सोपे जाते, परंतु सगळे वैर सूत्रधाराच्या पात्रांकडे जाते आणि खेळाडू एकमेकांकडे पाहण्याऐवजी त्याच्याकडे पाहत बसतात. प्रत्येक खेळाडूला स्वतंत्र घराणे दिले तर चुरस वाढते, पण प्रत्येक जण आपापल्या वाड्यात एकटा पडतो आणि एकाचा प्रसंग चालू असताना बाकीच्यांना काम उरत नाही. नव्या गटाला मी मधला मार्ग सुचवतो: एकाच मोठ्या अधिपतीचे मांडलिक असलेली दोन किंवा तीन छोटी घराणी घ्यावीत आणि प्रत्येक घराण्यात दोन खेळाडू बसवावेत. पाच जण असतील तर एका घराण्यात तिघे आणि दुसऱ्यात दोघे. अशा रचनेत प्रत्येक खेळाडूला घरात वाद घालायला एक माणूस मिळतो आणि घराबाहेर वाटाघाटी करायला दुसरा; कोणताही मोठा निर्णय एकाच्या लहरीवर होत नाही, कारण तो आधी भावाला, सुनेला किंवा काकाला पटवावा लागतो.

अधिपतीचे घराणे सूत्रधाराकडे असावे, पण ते दूर असावे. दरबार पाच-सहा दिवसांच्या वाटेवर असला म्हणजे त्याचा हुकूम पोहोचतो, पण त्याचे सैन्य रोज दारात उभे नसते. मांडलिकांना स्वतःचे राजकारण करायला जी मोकळीक हवी, ती या अंतरातून मिळते.

मर्यादा आधी ठरवाव्यात

घराण्यांच्या कथेत सक्तीचे विवाह, ओलीस ठेवलेली मुले, छळ आणि रक्ताच्या नात्यातला दगा हे विषय आपोआप येतात. म्हणून खेळापूर्वी प्रत्येकाने दोन गोष्टी सांगाव्यात: कोणता विषय या खेळात अजिबात नको, आणि कोणता विषय घडला तरी पडद्याआड राहावा. ही पद्धत रॉन एडवर्ड्स यांनी या छंदात रुजवली आणि ती आजही सर्वांत सोयीची आहे. तिच्या जोडीला जॉन स्टाव्रोपोलस यांचे एक्स-कार्ड ठेवावे: टेबलाच्या मध्यभागी फुली काढलेले एक कार्ड असते, कोणीही त्याला हात लावला की चालू प्रसंगातला तो भाग वगळला जातो, आणि कारण विचारले जात नाही.

या खेळप्रकारात आणखी एक करार आवश्यक आहे, आणि तो बहुतेक गट विसरतात. गुपिते पात्रांपासून लपवायची की खेळाडूंपासून? माझा स्पष्ट आग्रह आहे, की ती फक्त पात्रांपासून लपवावीत. समजा, मीनकेतू नावाचे एक घराणे आहे; त्याच्या थोरल्या मुलाने विष मिळवले आहे हे टेबलावरच्या सर्वांना ठाऊक असावे, मग ज्या पात्राला ते पाजले जाणार आहे त्याचा खेळाडू स्वतःच आपल्या पात्राला त्या मेजवानीला न्यायची संधी शोधतो. असा खेळाडू दग्याचा सहलेखक होतो. उलट खऱ्या अर्थाने लपवलेला दगा उघड झाला की मन दुखावते ते पात्राचे नव्हे, माणसाचे, आणि पुढच्या बैठकीत तो माणूस सूड उगवायला बसतो.

जादूची तीन वाक्ये

लो-फँटसी जगात जादू असते, परंतु ती दुर्मीळ, महाग आणि बेभरवशाची असते. तिची व्याप्ती सर्वांनी मिळून तीन वाक्यांत लिहावी: जादू काय करू शकते, तिची किंमत कोण चुकवतो, आणि लोक तिच्याकडे कोणत्या नजरेने पाहतात. उदाहरणार्थ: "मेलेल्या माणसाला एक प्रश्न विचारता येतो. विचारणाऱ्याची एक आठवण कायमची पुसली जाते. असे उत्तर न्यायसभेत पुरावा म्हणून चालत नाही, पण ते सगळे गुपचूप ऐकतात." या तीन वाक्यांत पुढच्या कितीतरी प्रसंगांचे बीज आहे, आणि तरीही जादूने कोणताच तंटा सुटत नाही.

लिहिलेली वाक्ये एका कसोटीवर घासून पाहावीत. त्या जादूने निरोप क्षणात पोहोचत असेल, खोटे बोलणे ओळखता येत असेल, मेलेला वारस उठवता येत असेल किंवा उपाशी गावाला धान्य मिळत असेल, तर ती जादू या खेळाला मारक आहे. निरोप पोहोचायला लागणारा वेळ, शपथेवरचा अविश्वास, वारसाचा मृत्यू आणि रिकामे कोठार या चार गोष्टींवरच घराण्यांचे राजकारण चालते.

नकाशा: अंतर दिवसांत मोजावे

मोठा कागद मध्ये ठेवून प्रत्येकाने आळीपाळीने एक गोष्ट काढावी: नदी, खिंड, पूल, मिठागर, जंगल, मठ, बाजाराचे गाव. नियम एवढाच, की जो जागा काढतो तो तिचा मालक ठरवत नाही. मालक कोण हे त्याच्या डावीकडचा खेळाडू सांगतो, आणि त्या मालकीवर कोणाचा आक्षेप आहे हे उजवीकडचा. दोन फेऱ्या झाल्या की नकाशावर दहा-बारा जागा आणि तेवढेच तंटे तयार असतात.

अंतरे दिवसांच्या प्रवासात लिहावीत. पायी माणूस दिवसाला पंचवीस-तीस किलोमीटर जातो, गाड्या आणि सामान बरोबर असलेले सैन्य त्याहून कमी, आणि वाटेत घोडे बदलत जाणारा स्वार या दोघांच्या कितीतरी पुढे. दोन वाड्यांमध्ये चार दिवसांची वाट असेल तर पत्राचे उत्तर यायला किमान आठ दिवस लागतात, आणि त्या आठ दिवसांत पत्र लिहिणाऱ्याचा विचार बदललेला असू शकतो. खेळात या उशिराचा पुरेपूर उपयोग करावा.

प्रत्येक घराण्याच्या मुलखात एका गोष्टीची मुबलकता आणि एका गोष्टीची टंचाई असावी, आणि एकाची टंचाई शेजाऱ्याच्या मुबलकतेने भागावी. धान्याचा विचार इथे विशेष गांभीर्याने करावा. मध्ययुगीन युरोपात पेरलेल्या एका दाण्यामागे साधारण तीन-चार दाणेच हाती येत आणि त्यांतला एक पुढच्या पेरणीसाठी राखावा लागे. त्यामुळे सलग दोन वर्षे पीक बुडाले की लोकांना बियाणे खावे लागे. १३१५ ते १३१७ च्या उत्तर युरोपातल्या महादुष्काळात तसे घडले. ही गणिते माहीत असली की खेळाडूला कळते, की कोठाराची किल्ली तलवारीइतकीच धारदार असते आणि ती कोणाच्या कमरेला आहे हा प्रश्न राजकीय आहे.

घराण्याचा कागद

प्रत्येक घराण्याने एक कागद भरावा. त्यावर घराण्याचे नाव, ब्रीद, घराण्याला ज्यावर हक्क आहे असे वाटते पण जे ताब्यात नाही अशी एक गोष्ट, आणि ज्याबद्दल घरात कोणी मोठ्याने बोलत नाही असा एक डाग लिहावा. ग्रीन रोनिन या प्रकाशनसंस्थेच्या २००९ सालच्या घराणेप्रधान खेळात घराण्याचे सात गुण मोजले जातात. तपशिलाची आवड असलेल्या गटाला ते आनंद देतात, पण नव्या गटाला आकड्यांचा भार होतो. इथे तीनच पुरेत. कोठार म्हणजे धान्य व पैसा, शिबंदी म्हणजे लढणारी माणसे, आणि पत म्हणजे घराण्याच्या शब्दाला बाहेर असलेली किंमत. या तिघांना अधिक दोन, अधिक एक आणि शून्य असे अंक आपल्या पसंतीने वाटावेत. शून्य कुठे पडले यावरून घराण्याचा स्वभाव कळतो.

यानंतर येतात देण्याची कार्डे, आणि तयारीच्या बैठकीतला निम्मा वेळ त्यांना द्यावा. प्रत्येक घराणे दोन कार्डे लिहिते, एकात ते देणेकरी असते आणि दुसऱ्यात घेणेकरी. शिवाय अधिपती प्रत्येक घराण्याच्या डोक्यावर एक देणे ठेवतो. तीन घराणी असतील तर सुरुवातीलाच नऊ कार्डे टेबलावर येतात. कार्डावर पाच गोष्टी हव्यात: कोण देणे लागतो, कोणाचे, कशाबद्दल, साक्षीदार कोण, आणि काय केले म्हणजे देणे फिटले.

चांगले कार्ड असे दिसते: "शैलधर मीनकेतूंचे देणे लागतात. तीन वर्षांपूर्वीच्या दुष्काळात मीनकेतूंनी बोलावणे नसताना धान्याच्या गाड्या पाठवल्या. साक्षीदार मठाचे महंत. शैलधर एकदा, कारण न विचारता, खिंडीचा दरवाजा उघडतील तेव्हा हे फिटेल." वाईट कार्ड असे: "दोन्ही घराण्यांत जुने वैर आहे." दुसऱ्या कार्डावरून उद्या सकाळी कोणी काय करायचे ते कळत नाही. पहिल्यात एक दरवाजा आहे, तो एकदाच उघडायचा आहे, आणि तो कोणासाठी उघडावा लागेल या शंकेनेच शैलधरांची झोप उडावी. साक्षीदाराचे नाव कधीही गाळू नये. साक्षीदार मेला, विकला गेला किंवा विसरला तर देण्याचे काय होते, हा स्वतंत्र कथाभाग असतो.

वारसाहक्काचा नियम आणि त्यातली भेग

घराण्यांच्या खेळात गादी कोणाकडे जाते हा नियम फाशांच्या नियमांपेक्षा महत्त्वाचा आहे. तो सर्व मुलखासाठी एकच असावा आणि एका वाक्यात मांडता यावा. इतिहासातले तीन नमुने उपयोगी पडतात. पहिला, सर्व काही थोरल्याला. यात धाकटी भावंडे रिकाम्या हाताने आणि भरल्या मनाने वाढतात. दुसरा, मुलांमध्ये वाटणी; फ्रँक राजघराण्यात ही रीत होती, आणि ८४३ सालच्या व्हर्डनच्या तहाने शार्लमेनच्या तीन नातवांनी त्याचे साम्राज्य वाटून घेतले. यात भाऊ हाच सर्वांत जवळचा शेजारी आणि म्हणून सर्वांत जवळचा शत्रू ठरतो. तिसरा, भाऊबंदांतून निवड. आयर्लंड आणि स्कॉटलंडमधल्या गेलिक टोळ्यांत प्रमुख जिवंत असतानाच त्याचा उत्तराधिकारी नातलगांतून निवडला जाई. यात प्रत्येक चुलत भावाला मत असते आणि प्रत्येक मताची किंमत असते. नव्या गटाला मी पहिला नियम सुचवतो, अनुभवी गटाला तिसरा.

नियम ठरला की लगेच त्याच्यातली भेग शोधावी. प्रत्येक घराण्यात असा एक माणूस असावा, ज्याला नियम जसाच्या तसा पाळला तर काही मिळत नाही आणि नियम किंचित वाकवला तर सगळे मिळते. इंग्लंडच्या पहिल्या हेन्रीने आपली मुलगी मटिल्डा हिला वारस मानण्याची शपथ सरदारांकडून घेतली होती. ११३५ साली तो मरण पावताच त्याचा भाचा स्टीफन याने मुकुट धारण केला, आणि स्वतः स्टीफनही शपथ घेणाऱ्यांपैकीच होता. पुढे अनेक वर्षे यादवी चालली. सूत्रधाराने या घटनेतून एवढे घ्यावे, की शपथ मोडणाऱ्याला नेहमी एखादे सभ्य कारण हवे असते. म्हणून भेग शोधतानाच ते कारणही लिहून ठेवावे: पहिला विवाह विधिपूर्वक झाला नव्हता, मृत्युपत्रावर शिक्का दुसऱ्याचा आहे, थोरला परमुलखात मेला असे समजले होते.

प्रत्येकी दोन पात्रे

१९८७ साली जोनाथन ट्वीट आणि मार्क राइन-हेगन यांच्या 'आर्स मॅजिका' या खेळाने एका खेळाडूने अनेक पात्रे सांभाळण्याची पद्धत रूढ केली, आणि घराण्यांच्या खेळाला ती फार मानवते. प्रत्येकाने आपल्या घराण्यातले एक रक्ताचे किंवा सोयरिकीचे पात्र घ्यावे, आणि दुसरे पात्र दुसऱ्याच्या घराण्यात सेवेला असलेले घ्यावे: कारभारी, दाई, शिबंदीचा नाईक, कोठाराचा लेखनिक, शिकारखान्याचा माणूस. मग मीनकेतूंच्या वाड्यात खलबत चालू असताना शैलधरांचा खेळाडू रिकामा बसत नाही. तो तिथला कारभारी म्हणून हजर असतो, हिशेबाची वही पुढे करतो आणि मालकाला न आवडणारा आकडा वाचून दाखवतो.

प्रत्येक पात्रासाठी तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत. घराण्याकडून त्याला असे काय हवे आहे, जे घराणे देऊ शकत नाही? घरातल्या कोणासाठी तो खोटी साक्ष देईल? आणि कोणत्या देण्याच्या कार्डाशी त्याचा व्यक्तिगत संबंध आहे? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर पात्र अजून तयार झालेले नाही, असे समजावे.

ओलीस ठेवलेले मूल हे या खेळातले एक समृद्ध पात्र आहे. ११५२ साली न्यूबरीच्या वेढ्यात जॉन मार्शल याने आपला लहान मुलगा विल्यम राजा स्टीफनकडे ओलीस ठेवला आणि नंतर शब्द मोडला. राजाने मुलाला मारले नाही. तोच विल्यम १२१६ साली बालराजा तिसरा हेन्री याच्या वतीने इंग्लंडचा कारभार पाहणारा झाला. खेळातही ओलीस मुलाला सहसा जिवंत ठेवावे. मारले तर एक सूडकथा मिळते. वाढू दिले तर दोन घरांच्या चालीरीती जाणणारा, दोन्हीकडे परका आणि दोन्हीकडे उपयोगी असा माणूस मिळतो.

फासे कधी टाकावेत

दोन फासे टाकून बेरजेत घराण्याचा योग्य गुण मिळवावा. दहा किंवा अधिक आले तर हवे ते साधते. सात ते नऊ आले तर साधते, पण नवे देण्याचे कार्ड लिहावे लागते. सहा किंवा कमी आले तर काम फसते आणि जुन्या देण्यांपैकी एकाची मागणी लगेच पुढे येते. पूर्ण यश, अर्धे यश आणि अपयश ही विभागणी व्हिन्सेंट आणि मेगी बेकर यांच्या २०१० सालच्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड' या खेळामुळे प्रचलित झाली.

या आकड्यांमागचे गणित समजून घेण्यासारखे आहे. दोन फाशांच्या ३६ शक्यता असतात. गुण शून्य असेल तर अपयशाच्या १५, अर्ध्या यशाच्या १५ आणि पूर्ण यशाच्या ६ शक्यता येतात. गुण अधिक दोन असेल तर अपयशाच्या ६, अर्ध्या यशाच्या १५ आणि पूर्ण यशाच्या १५. म्हणजे घराणे बळकट असो वा दुबळे, पाचांपैकी जवळजवळ दोन वेळा काम होते आणि वर नवे देणे चढते. बळ वाढल्याने संकट कमी होते, पण उपकारांचे जाळे सुटत नाही. याच कारणासाठी मी ही पद्धत एका वीस बाजूंच्या फाशापेक्षा अधिक पसंत करतो.

प्रत्येक गोष्टीला फासे टाकू नयेत. जिथे दोन्ही निकालांनी एखादे देणे, एखादा हक्क किंवा एखादे नाते बदलणार असेल, तिथेच टाकावेत. घोडा नदी ओलांडतो की नाही हे सांगून मोकळे व्हावे; पण त्या घोड्यावर शत्रूची मुलगी बसली असेल तर फासे उचलावेत.

एका बैठकीत एक ऋतू

प्रत्येक बैठक म्हणजे एक ऋतू धरावा. सुरुवातीला सूत्रधार दोन-तीन बातम्या सांगतो: पीक कसे आले, दरबारातून काय हुकूम आला, सीमेवर कोण दिसले. त्यानंतर मागच्या बैठकीनंतर लिहिलेली पत्रे वाचली जातात. दोन बैठकांच्या मधल्या दिवसांत प्रत्येक खेळाडूने जास्तीत जास्त एक पत्र लिहावे, ते शंभर शब्दांच्या आत असावे, आणि ते केव्हा पोहोचले हे नकाशावरील दिवस मोजून ठरवावे. वाटेत ते कोणी उघडले का, हा प्रश्न सूत्रधाराला वर्षातून एखाद-दोन वेळाच उपस्थित करण्याचा अधिकार असावा. वारंवार केला तर कोणी पत्रच लिहीत नाही.

मग प्रत्येक घराणे त्या ऋतूत करायचे एकच मोठे काम जाहीर करते: सोयरीक जुळवणे, तट बांधणे, कर्ज काढणे, दूत पाठवणे, शिबंदी गोळा करणे. एकच काम करता येत असल्यामुळे घरातल्या दोन खेळाडूंमध्ये खरा वाद होतो, आणि तो वाद पात्रांच्या तोंडूनच घडू द्यावा. कापणीच्या ऋतूत शिबंदी बाहेर काढली तर कोठार एकाने उतरते, कारण विळा धरणारे हात आणि भाला धरणारे हात बऱ्याच अंशी तेच असतात. सरंजामी व्यवस्थेत सरदाराने स्वखर्चाने द्यायची लष्करी सेवा रूढीने अनेकदा चाळीस दिवसांची असे. हा नियम खेळात जसाच्या तसा घ्यावा: एकेचाळिसाव्या दिवशी अधिपतीला पैसे मोजावे लागतील किंवा माणसे घरी जातील, आणि कोणत्याही वेढ्याला त्यामुळे आपोआप मुदत मिळते.

वाटाघाटीचा प्रसंग कसा चालवावा

या खेळातला खरा रणसंग्राम बहुधा एका खोलीत होतो, म्हणून त्याची पद्धत सविस्तर पाहू. शैलधरांची मुलगी आणि मीनकेतूंचा धाकटा मुलगा यांचा विवाह ठरवायचा आहे, असे धरू. सूत्रधाराने प्रसंग एका प्रश्नाने उघडावा: "आज या खोलीतून बाहेर पडताना कोणाला अपमान गिळावा लागणार आहे?" प्रश्न टेबलावर ठेवला की सगळ्यांना प्रसंगाची दिशा कळते, आणि उत्तर मिळताच प्रसंग थांबवता येतो. वीस मिनिटांत उत्तर मिळाले नाही तर पहाट झाली असे सांगून निर्णय मागावा.

वाटाघाटीला बसण्यापूर्वी दोन्ही बाजूंनी तीन गोष्टी कागदावर लिहाव्यात: काय देऊ, काय मागू, आणि काय झाले तर उठून जाऊ. नंतर कलमे एकेक करून घ्यावीत. मुलीबरोबर कोणती जमीन किंवा उत्पन्न येते? ती विधवा झाली तर ते कोणाकडे राहते? मूल न होता ती मेली तर परत जाते का? होणाऱ्या मुलाचे पालनपोषण कोणत्या घरात होईल? ही शेवटची कलमे रटाळ वाटतात, पण दोन पिढ्यांचे युद्ध त्यांच्यातच दडलेले असते. १२१५ च्या मॅग्ना कार्टामध्ये विधवेला तिचा वारसा विनाविलंब मिळावा आणि तिला पुनर्विवाहाची सक्ती करू नये, अशी कलमे घालावी लागली, यावरूनच या बाबतीत किती अन्याय होत असे ते कळते. खेळात प्रत्येक मान्य कलमाचे स्वतंत्र देण्याचे कार्ड करावे.

एक नियम मी कधीही शिथिल करत नाही. जिचा किंवा ज्याचा विवाह ठरत आहे, ते पात्र सूत्रधाराच्या नव्हे, एखाद्या खेळाडूच्या हातात असले पाहिजे, आणि प्रसंग संपण्यापूर्वी त्या पात्राला बोलण्याची वेळ मिळालीच पाहिजे. त्याचे ऐकले जाईल असे नाही. पण सगळी कलमे ठरल्यावर त्या मुलीने "मिठागराच्या चाव्या माझ्याकडे राहणार असतील तरच" एवढे म्हटले, तर त्या क्षणी नवे राजकारणी पात्र जन्माला येते, आणि ती सौद्यातली वस्तू राहत नाही.

फासे वाटाघाटीच्या शेवटी टाकावेत, सुरुवातीला नव्हे. फाशांनी कोणाचे मन वळवू नये. समोरच्या खेळाडूच्या पात्राने काय मानायचे ते त्या खेळाडूनेच ठरवावे. फासे एवढेच सांगतात, की ठरलेली गोष्ट बाहेर कशी पोहोचली, अधिपतीला ती कोणी कळवली आणि तिची वेगळी किंमत कोणी मागितली.

युद्ध थोडक्यात

लढाईचे वर्णन लांबवू नये. लढाईपूर्वी तीन प्रश्न विचारावेत: कोण आले नाही, कोणाच्या भरवशावर आपण उभे आहोत, आणि हरलो तर कोण ओलीस जाईल. मग शिबंदीवर एकदा फासे टाकावेत आणि प्रत्येक खेळाडूने आपल्या पात्राच्या नजरेतून एकच क्षण सांगावा. उरलेला वेळ लढाईनंतरच्या तहाला द्यावा.

मृत्यू, अज्ञान वारस आणि वर्षांची उडी

ग्रेग स्टॅफर्ड यांच्या १९८५ सालच्या 'पेंड्रॅगन' या खेळात वर्ष संपताना हिवाळ्याचा वेगळा टप्पा असतो, ज्यात पात्रांचे वय वाढते, विवाह होतात, मुले जन्मतात आणि खेळ पिढ्यांतून पुढे जातो. घराण्यांच्या खेळात हे अत्यावश्यक आहे. दर चार बैठकांनंतर पाच ते दहा वर्षांची उडी घ्यावी. उडीच्या वेळी प्रत्येक खेळाडू सांगतो, की या काळात त्याच्या घराण्यात कोण मेले, कोण जन्मले आणि कोणाचे तोंड पुन्हा पाहिले गेले नाही. तीन गुणांपैकी एक वाढतो आणि दुसरा घटतो. फेडलेली कार्डे बाजूला जातात, न फेडलेली मुलांच्या नावावर चढतात.

गादीवरचे पात्र मरण पावले आणि वारस अज्ञान, म्हणजे वयाने लहान असेल, तर पालकत्व कोणाकडे हा प्रश्न तिथल्या तिथे खेळावा. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये अज्ञान वारसाची जमीन सामान्यतः वरच्या सरदाराच्या ताब्यात जाई, आणि तो तिचा उपसा करत असे. म्हणूनच मॅग्ना कार्टाने पालकाला वाजवी उत्पन्नापलीकडे काही घेण्यास मनाई केली. खेळात पालक म्हणून दुसऱ्या घराण्याच्या खेळाडूचे पात्र नेमावे. त्याला दर ऋतूला एकच प्रश्न विचारावा: या वर्षी त्या कोठारातून तुम्ही काय नेले? उत्तर प्रामाणिक असो वा नसो, वारस मोठा होईल तेव्हा ते त्याच्या हाती पडणार असते.

टेबलावर उद्भवणाऱ्या अडचणी

सर्वांत जास्त आढळणारी अडचण अशी, की सूत्रधाराचा अधिपती सर्वज्ञ आणि अजिंक्य होतो. तसे झाले की मांडलिकांचे सगळे डाव त्याच्या मर्जीवर टांगले जातात. उपाय म्हणून अधिपतीवरही एक मोठे देणे लिहावे आणि त्याची फेड खेळाडूंच्या मुलखातूनच होऊ शकेल असे करावे. मग तो हुकूम सोडतो तसा याचनाही करतो.

दुसरी अडचण एखादे घराणे फार मागे पडण्याची. त्याला आकड्यांची भीक घालू नये. त्याऐवजी इतर दोन घराण्यांना एकाच वेळी हवी असलेली वस्तू त्याच्या हाती द्यावी: साक्षीदार, कागद, वाट किंवा मूल. दुबळ्या घराण्याला नवे बळ दिल्यापेक्षा नवा घेणेकरी हक्क दिला तर ते लवकर सावरते. एखादा खेळाडू सतत गप्प राहत असेल, तर त्याच्या सेवेतल्या पात्राला निरोप्या म्हणून पाठवावे आणि वाईट बातमी त्याच्या तोंडून सांगवावी; मग खोलीतल्या प्रत्येकाला त्याच्याशीच बोलावे लागते. दोन खेळाडूंमध्ये खरोखर कटुता आली असेल, तर कथेतून तिचा निचरा करण्याचा प्रयत्न न करता खेळ थांबवून माणसांनी माणसांशी बोलावे.

मालिकेचा शेवट आधीच ठरवावा, उदाहरणार्थ बारावी बैठक किंवा तिसऱ्या पिढीचा गादीवर बसण्याचा विधी. शेवटच्या बैठकीत नवी बातमी आणू नये. उरलेली सगळी कार्डे टेबलावर उघडी मांडावीत, आणि प्रत्येक कार्डाच्या घेणेकऱ्याने एकेक करून सांगावे, की तो देणे वसूल करतो, माफ करतो की पुढच्या पिढीसाठी ठेवतो. वसुलीला फासे टाकावेत. माफीला टाकू नयेत, पण माफ करणाऱ्या पात्राने ते समोरच्याच्या तोंडावर, साक्षीदारासमोर म्हटले पाहिजे. ठेवलेली कार्डे एका पाकिटात घालून त्यावर घराण्यांची नावे आणि खेळातले वर्ष लिहावे, आणि गटाला पुन्हा त्याच मुलखात यायचे असेल तर तयारीची पुढची बैठक त्या पाकिटापासून सुरू करावी.